उपाशीपोटी

मी काय काम करते असं लग्नकार्यात कुणी विचारलं की माझ्याआधी माझा नवरा उत्तर देतो. "लॅबमध्ये असते," एवढंच म्हणतो आणि विषय पनीरच्या भाजीवर नेतो. लोकांना वाटतं, असेल रक्तबिक्त तपासत. आता भरल्या पंगतीत कसं सांगायचं, की बाई गं, मी माणसांची शी आणि शू तपासते! एका चुलत सासूबाईंनी एकदा फारच खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं. त्यांनी हातातला जिलेबीचा तुकडा खाली ठेवला आणि त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही. बरंच झालं. त्या तशाही फार विचारायच्या.

माझ्या आईला मात्र यात काही वावगं वाटलं नव्हतं. आयुष्यभर वाशीच्या बाजारात बसून मासळी विकलेली बाई ती. तिला कसली आलीय किळस? "मासलीचं प्वाट उघरलं का दिसतं ती काय खाऊन आली ते," ती म्हणाली होती. "तू मानसांचं बगतंस, यवरंच." नोकरी लागल्यावर तिने बाजारात सगळ्यांना पेढे वाटले आणि पोरगी कसली नोकरी करते तेही खणखणीत आवाजात सांगितलं. सोसायटीतली गिऱ्हाइकं पापलेट हातात धरून ऐकत उभी होती म्हणे.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. ती गेली ती म्हातारपणाने, झोपेत, पोटाच्या दुखण्याने नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही उगाच त्याची धास्ती घेऊन बसणार नाही. पण मला जे सांगायचंय ते तिच्या पोटाबद्दलच आहे.

आमचं गाव जुईनगरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. गाव म्हणायचं आपलं. एका बाजूला खाडी आणि बाकी तिन्ही बाजूंनी सोसायट्या. मी लहान होते तेव्हा त्यातल्या अर्ध्याअधिक नव्हत्या. बाबा खाडीत पाग टाकायचे, म्हणजे हाताने फिरवून फेकायचं गोल जाळं. ते जाळं हवेत उघडलं की मी किनाऱ्यावरून टाळ्या वाजवायचे आणि बाबा ओरडायचे, "गप गो, मासली पलेल!" ओहोटीला चिखल उघडा पडला की आम्ही पोरं निवट्या धरायला उतरायचो. निवटी म्हणजे चिखलात टणाटण उड्या मारणारी बोटभर मासळी. धरली तरी हातातून सुळकन निसटते. घरी येईपर्यंत आम्ही ओळखू येण्यापलीकडे गेलेलो असायचो. आई अंगणातच बादलीने पाणी ओतायची, आधी निवट्यांवर, मग आमच्यावर.

आणि मग ते कालवण. कैरी घातलेलं, आमच्या घरच्या मसाल्याचं, वर तेलाचा लाल तवंग आणि बरोबर तांदळाची गरम भाकरी. मी तोच मसाला, तोच टोप घेऊन कितीदा करून बघितलंय. नाही म्हणजे नाही येत ती चव. नवरा म्हणतो, छान झालंय. त्याला काय माहीत, तो साताऱ्याचा. कधी कधी त्या चवीच्या आठवणीने गॅसपाशी उभ्या उभ्या मला रडायला येतं, खरंच सांगते.

बाबा गेल्यावर पाग भिंतीला टांगून राहिला, पण खाडीची मासळी आईने सोडली नाही. खाडीला ती खारी म्हणायची. विकायला धक्क्यावरची मासळी आणायची, सुरमई, पापलेट, बोंबील, सगळं. स्वतःच्या ताटात मात्र खाडीचंच. आमच्या काकीचा मुलगा अजून जाळं घेऊन उतरायचा, तो सकाळी आईच्या दारात वाटा ठेवून जायचा. बोय, चिंबोरी, थोडी कोलंबी, नशिबात असलं तर निवट्या. "दर्याची मासली बरी असंल," आई म्हणायची, "पन तिला आपली वलख नसते."

आणि मग तिचं पोट बिघडलं. जेवण झालं की कळ यायची. पोट फुगायचं, गुडगुड करायचं, कधी दोन दोन दिवस काही उतरायचं नाही आणि कधी नुसती धावाधाव. चांगली धडधाकट बाई, डोक्यावर पाटी घेऊन वाशीच्या बाजारात ताठ चालत जाणारी, ती एक हात पोटावर ठेवून चालायला लागली. मी तिला वाशीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण आत घालून झाली. काही सापडलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मावशी, खाडीची मासळी बंद करा. कायमची. त्या खाडीत कारखान्यांचं काय काय सोडतात तुम्हाला माहीत नाही."

आईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! रिक्षात बसल्यापासून तिचा पट्टा सुरू झाला. "मना म्हाईत नाय? मी खारीव जल्मले! आनि त्याला म्हाईत! जल्म गेला त्याचा वांगी खाऊन." रिक्षावाला हसायला लागला तर त्यालाही दोन शब्द मिळाले. पुलाशी आल्यावर ती जरा थंड झाली. मी हळूच म्हटलं, "आय, सोडून तर बघ थोडे दिवस." तिने रिक्षातून खाडीकडे मान वळवली. मग म्हणाली, "दाक्तर बोलला म्हनून नाय सोरनार. तुजी मशीन बोलली तर सोरीन. तुज्या गल्याची शपथ."

झालं. आता सगळं माझ्या गळ्यात. माझ्या गळ्याची शपथ म्हणजे ती मोडणार नाही हे मला माहीत होतं. आणि ती मासळी सोडून तिच्याकडे दुसरं होतं काय? बाबा नव्हते, मी लग्न करून सोसायटीत राहायला गेलेले. त्या ताटातल्या वाटीत तिचं सगळं घर होतं, माझं बालपण धरून. उलट, डॉक्टर खरं बोलत असतील तर ती रोज दोन्ही वेळा विष खात होती आणि मी लॅबमध्ये कोट घालून दुसऱ्यांचे नमुने तपासत होते. मला रात्रंदिवस तेच टेन्शन.

योगायोग असा, की त्याच सुमारास आमच्या लॅबने एक नवं काम हातात घेतलं होतं. आसपासच्या हवेतली, पाण्यातली विषारी रसायनं माणसाच्या पोटात जाऊन आतड्याचं काय करतात ते बघायचं. त्याची पद्धत सोप्या शब्दांत सांगते. आपण जे खातो, पितो, नाकाने आत घेतो, त्या सगळ्याचं शरीर तुकडे तुकडे करतं. आतड्यातले जंतूही त्यातलं आपल्या वाटणीचं खातात आणि त्यांचं त्यांचं काहीतरी बाहेर टाकतात. असे हजारो बारीक बारीक पदार्थ लघवीत आणि शौचात उतरतात. आमची मशीन त्यातला एकेक वेगळा काढते आणि पडद्यावर उंचसखल टोकांची एक लांबलचक रांग उमटते. याला मेटाबोलिक प्रोफाइल म्हणतात. मी आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुजी मशीन पोटाच्या चुगल्या करते." याहून चांगलं भाषांतर मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

या कामासाठी खाडीकाठचं एक गाव हवं होतं. मी आमच्या मॅडमना माझं गाव सुचवलं. मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ, सांगलीकडच्या, पक्क्या शाकाहारी, अतिशय हुशार आणि अतिशय भोळ्या. आईचं दुखणं मी त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. त्यांनी मला आधीच बजावलं, "हे बघ, नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. तुझ्या आईचा नमुना कुठला हे तुलाही कळणार नाही, मलाही नाही. सगळ्या गावाचं मिळून काय ते कळेल." मी म्हटलं, चालेल. गावाचं पोट आणि आईचं पोट काही वेगळं नव्हतं. गावातल्या सगळ्या बायका एकाच खाडीचं खात होत्या आणि पोटावर हात ठेवून चालणारी आई एकटी नव्हती.

गावदेवीच्या देवळाच्या मंडपात बायकांची सभा भरवली. मॅडम छान इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि आपल्या स्वच्छ मराठीत सांगू लागल्या, की नमुना सकाळचा पहिला हवा, डबीला हात लागू देऊ नका आणि मुख्य म्हणजे उपाशीपोटी यायचं. मागे खांबाला टेकून आमची काकी बसली होती. तिने हात वर केला.

"म्हंजे उपास धरायचा का?"

"हो हो, उपासच," मॅडम हसून म्हणाल्या. "आणि अगदी कडक हवा बरं का."

मीही तिथेच होते. मला त्यात काहीच खटकलं नाही, कारण लॅबमध्ये बसून बसून माझेही कान मॅडमसारखे झाले होते. आम्हाला उपाशी म्हणजे पोटात काही नाही, एवढंच माहीत. काकीने मान डोलावली, आईने मान डोलावली, सगळ्या मंडपाने मान डोलावली. आम्ही चहा पिऊन, जीव भांड्यात पडल्यासारख्या परत आलो.

नमुने घ्यायचा दिवस म्हणजे एक जत्राच होती. बायका भल्या सकाळी न्हाऊन, डोक्यात गजरे माळून आल्या. डबी अशी उघडी कशी आणायची, म्हणून एकीने ती रेशमी रुमालात बांधली होती, एकीने मिठाईच्या खोक्यात घातली होती. काकीने तर स्टीलच्या डब्यात डबी, वर झाकण, त्यावर पदर, अशी आणली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "बग गो, नीट ने. बिगरंल." मला हसू आवरेना आणि मॅडम मात्र दर बाईला हात जोडून "धन्यवाद" म्हणत होत्या. त्यात आमच्या पेटीतला बर्फ कमी पडला. आई उठली, घरी गेली आणि आपली मासळीची थर्माकोलची पेटी बर्फाने भरून घेऊन आली. डब्या सगळ्या घट्ट बंद होत्या, नमुन्यांना काही धोका नव्हता. पण पुढे कितीतरी दिवस आमच्या लॅबमध्ये बोंबलाचा वास येत होता आणि मॅडम डब्यातली पोळीभाजी घेऊन जिन्यात जाऊन जेवत होत्या. आजही तो वास नाकात आला की मला तो मंडप, ते गजरे आणि पेटी डोक्यावर घेऊन ऐटीत येणारी आई दिसते.

नमुने मशीनमधून निघाले. एका दुपारी मॅडमनी मला हाक मारली.

"तू म्हणाली होतीस ना, की या बायका रोज मासे खातात?"

"रोज? दोन्ही वेळा, मॅडम!"

"मग हे बघ."

मासळी खाल्ली की लघवीत एक ठरावीक पदार्थ वाढतो. आम्ही त्याला मासळीची खूण म्हणायचो. ती खूण सरकारी शिक्का मारल्यासारखी स्पष्ट असते, दिसल्याशिवाय राहत नाही. आणि इथे, माझ्या गावच्या समस्त कोळणींच्या नमुन्यांत, ती जवळजवळ नव्हतीच! मशीन म्हणत होती, की या बायका शाकाहारी आहेत. मला इतका राग आला! मी म्हटलं, "मशीन बिघडलीय." मशीन तपासली. मशीन ठणठणीत होती. "नमुने बदलले असतील." नमुने बदलले नव्हते. मॅडमचा चेहरा असा, की मी गावाबद्दल थापा मारल्या असाव्यात. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच फोन काढून आईला लावला.

"आय, नमुना दिलास त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लंस?"

"काय खानार? उपास नवता?"

"अगं पण म्हणजे खाल्लंस काय?"

"साबुदान्याची खिचरी. राती वरीचा भात नि दान्याची आमटी. काकीने राताली उकरून दिली."

"आणि मासळी?"

"उपासाला मासली?" आईचा आवाज चढला. "डोकं हाय का जाग्याव? मॅडमबाय बोलली करक धरा, म्हनून आमी तर दोन दिवस धरला. समद्या गावानं. प्वाट चांगलं दिसलं पायजे ना तुमाला!"

पाहुणे येणार म्हणून घर सारवून ठेवतात, तसं त्यांनी पोट सारवून ठेवलं होतं. आमच्यासाठी. मी फोन ठेवला आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. स्वतः दर चतुर्थीला साबुदाण्याचे वडे घेऊन येणाऱ्या बाईला उपास म्हणजे काय हे कळू नये! मी हे तोंडावर बोलले. मॅडम हसायला लागल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मग मी, मग सगळी लॅब. कितीतरी दिवस आमच्याकडे कुणी चहा नको म्हटलं की दुसरा विचारायचा, "कडक उपास का?"

हसून झालं, पण काम तर परत करायला हवं होतं. बायका आता वैतागल्या. "आता परत कनाला? एकदा दिलं ना?" मी सांगायला गेले, की मासळी खाऊन या. काकीने कंबरेवर हात ठेवले. "त्या टायमाला बोलले उपाशी ये, आता बोलतान मासली खाऊन ये. एक काय ता ठरव." मी म्हटलं, काकी, आदल्या दिवशी नेहमीसारखी मासळी जेव, मग रात्रभर काही खाऊ नको, सकाळी तशीच ये. "म्हंजे खाऊन उपाशी," काकी म्हणाली. "तुमचं शिक्शनच येगलं."

शेवटी आईने सूत्रं हातात घेतली. ती घरोघर फिरली आणि एकेकीला दम देऊन आली. मासळीचा वाटा कमी पडेल म्हणून काकीच्या मुलाला भल्या पहाटे खाडीत पिटाळलं. त्या दिवशी संध्याकाळी मी गावात गेले होते. प्रत्येक घरातून तळणाचा चुर्र आवाज आणि तो वास. मसाला परतल्याचा, कोलंबीचा, चिंबोऱ्या फोडल्याचा. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी तो वास नाकात भरून घेत होते. किती वर्षांनी गाव असं एकदम जेवत होतं. आई दारात बसून निवट्या साफ करत होती, राख लावून. मला बघून म्हणाली, "तुज्या मशीनला सांग, आता पोटभर चुगली कर." ती हसत होती, पण हसता हसता तिचा डावा हात पोटाकडे गेलाच.

दुसऱ्या खेपेचे नमुने मशीनला लावले तेव्हा मी मशीनपासून हलले नाही. शास्त्र करणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते म्हणतात. मी घेतली होती बाजू. मी उघड उघड मासळीच्या बाजूने होते. ती निर्दोष सुटावी म्हणून मी गावदेवीला नारळ बोलले होते आणि मॅडमना हे अजून माहीत नाही.

मासळीची खूण यावेळी ताडमाड उंच होती. पण मॅडम तिकडे बघतच नव्हत्या. त्या पहिल्या खेपेचे कागद काढून शेजारी ठेवत होत्या.

"हे फेकायचे नाहीत गं," त्या म्हणाल्या. "त्याच बायका. एकदा मासळी नसताना, एकदा मासळी असताना. हे तर मी ठरवूनही केलं नसतं. कुणी दोन दिवस मासळी सोडली असती का माझ्या सांगण्यावरून?"

मग आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून ते बघत गेलो. कारखान्यांत, रंगांत, इंधनात जी हवेत उडून जाणारी रसायनं असतात, त्यांचे शरीराने केलेले तुकडे आम्हाला हवे होते. हे तुकडे शरीरात फार टिकत नाहीत. आत यायचं थांबलं, की एक-दोन दिवसांत धुऊन निघतात. ती रसायनं मासळीतून येत असती तर उपासाच्या खेपेला ती टोकं खाली यायला हवी होती. ती खाली आलेली नव्हती. दोन्ही खेपांना जशीच्या तशी. तुलनेसाठी घाटावरच्या एका गावातून आणलेल्या नमुन्यांत तीच टोकं अगदी बुटकी होती. आतड्याच्या आतल्या अस्तराला पोसणारे, जंतूंनी बनवलेले जे चांगले पदार्थ असतात ते आमच्या गावात कमी, घाटावर भरपूर. उपास असो नसो, मासळी असो नसो, फरक तसाच.

"मग मासळी नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मासळी निर्दोष सुटली असं मी म्हटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "धातूंची तपासणी वेगळी असते. आणि पोट यामुळेच दुखतं असंही हे सांगत नाही. पण ही जी रसायनं आहेत, ती ताटातून येत नाहीत एवढं नक्की."

मला तेवढं पुष्कळ होतं. मी रविवारची वाट बघितली नाही, दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली आणि गावाकडे निघाले. वाटेत पेढे घेतले. मला आईचा चेहरा आधीच दिसत होता. ती त्या डॉक्टरांना चार शिव्या घालणार, मग काकीला हाक मारणार, मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हसणार. मी दारातूनच ओरडले, "आय! मशीन मासळीचं नाव घेत नाही!"

ती स्वयंपाकघरात होती. गॅसवर तवा तापत होता, ताटलीत मसाला लावलेली बोय. तिने मान वळवली. तिचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोलू, उजळला. तिने देवाकडे बघून हात जोडले. पेढा तोंडात घातला. आणि मग चावता चावता थांबली.

"मंग कनाचं हाय ता?"

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. इतके दिवस मी मासळीची वकिली करत होते. मासळी नाही तर काय, हे आईला सांगावं लागेल याचा मी विचारच केला नव्हता.

"हवेतून असावं, आय," मी म्हटलं. "कारखान्यांचं. रस्त्याचं, गाड्यांचं. श्वास घेतला की आत जातं."

"खाल्लं नाय तरी?"

"खाल्लं नाही तरी."

"म्हनून उपास धरला तरी तसंच व्हतं."

"हो."

तिने बोय तव्यावर सोडली. तेल चुर्र झालं. उलथन्याने तिने ती सारखी केली. मला वाटलं ती रागावेल, कुणाला तरी शिव्या देईल. मला चाललं असतं. माझ्यावर ओरडली असती तरी चाललं असतं.

"मासली सोरली असती गो मी," ती म्हणाली. "तुज्या गल्याची शपथ घेतली व्हती. रडत सोरली असती, पन सोरली असती. आता हवा कशी सोरू?"

इतकं शिकून मी माझ्या आईला एवढंच सांगायला आले होते, की तुझ्या हातात होतं ते तुझ्या दुखण्याचं कारण नाही. मला तिथे उभं राहवेना. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, पलीकडच्या रस्त्यावरून गाड्यांची रांग चालली होती. मी पुढे झाले आणि खिडकी ओढून घेतली, कडी लावायला लागले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "उघरी ऱ्हाऊ दे. तलनाचा धूर भायेर कुठं जाईल?"